नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक करायचंय? मग ॲडमिशन नाही, नोकरी शोधा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकलचे धक्के खात माटुंग्याच्या आयसीटीत किंवा पवईच्या आयआयटीत पीएचडी करणारे अनेक जण आहेत. पीएचडी संपत आली की घरात विषय निघतो, 'आता पुढे काय?' पोरगी म्हणते, 'पोस्टडॉक, नेदरलँड्सला.' घरचे विचारतात, 'म्हणजे अजून शिक्षण? फी किती?'

तर उत्तर आहे, शून्य. कारण नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक ही पगारी नोकरी असते.

पगार कसा ठरतो?

तिथल्या विद्यापीठांचा कामगार संघटनांशी सामूहिक वेतन करार असतो. पगाराची श्रेणी जाहिरातीतच छापलेली असते. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला ३८ तास. शिवाय वार्षिक पगाराच्या ८ टक्के सुट्टी भत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरचा बोनस. मात्र करार मुदतीचा असतो, बहुतेकदा दोन-तीन वर्षांचा.

जागा कुठे सापडतात?

पहिलं ठिकाण ॲकॅडेमिकट्रान्सफर. डच विद्यापीठांच्या जागा या वेबसाइटवर येतात. दुसरं युरॅक्सेस, हे युरोपियन कमिशनचं पोर्टल. दोन्हीकडे शोधायला पैसे लागत नाहीत. आपला विषय टाकून ईमेल अलर्ट लावून ठेवायचा.

शहरापेक्षा विषय बघून शोधलेलं बरं. शेती आणि अन्नशास्त्रासाठी वाखनिंगन, इंजिनिअरिंगसाठी डेल्फ्ट. अंबरनाथच्या केमिकल कंपन्या बघत मोठं झालेल्या केमिस्ट्रीवाल्यांनी आइंडहोवन आणि उट्रेख्ट बघावं, तिथे उत्प्रेरकांवर मोठं काम चालतं.

अर्ज करताना काय बघायचं?

पोस्टडॉकची जागा ठरावीक प्रोजेक्टसाठी असते. त्यामुळे एकच पत्र पन्नास ठिकाणी पाठवून उपयोग नाही. आपल्या प्रबंधातलं कोणतं काम त्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच यायला हवं. जाहिरातीत चौकशीसाठी प्राध्यापकाचा ईमेल असेल, तर शंका बिनधास्त विचारायची. व्हायवा बाकी असेल, तर अपेक्षित तारीख स्पष्ट लिहायची. पीएचडी लवकरच मिळणाऱ्यांनाही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो.

जाहिरातच नसेल तर?

दुसरा रस्ता म्हणजे मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप. यात डच प्राध्यापकासोबत मिळून युरोपियन कमिशनकडे प्रस्ताव पाठवायचा असतो. भारतीयांनाही अर्ज करता येतो. अट अशी, की मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ नेदरलँड्समध्ये राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. स्पर्धा तगडी असते, म्हणून प्राध्यापकाशी काही महिने आधीच बोलणं सुरू करावं लागतं.

व्हिसाचं काय?

निवड झाली की राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करतं. जोडीदाराला सोबत नेता येतं आणि त्यालाही तिथे काम करता येतं. खरी डोकेदुखी घराची. डच शहरांत भाड्याच्या घरांची मोठी टंचाई आहे. त्यामुळे ऑफर आली की घराच्या मदतीबद्दल विद्यापीठाला लगेच विचारायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डच विद्यापीठं नोकरीच्या अर्जासाठी पैसे घेत नाहीत. 'जागा पक्की करतो, लाखभर भरा' असं कोणी म्हणालं, तर आईबाबांच्या एफडीला हात लावू नका. आधी ती जाहिरात विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर शोधा. तिथे नसेल, तर विषय संपला.