वाईट बातमी वर पोचते का?

कारखान्याचे वळण भिंतीवरच्या सुविचारांनी लागत नाही, असे आमचे मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे मालक व कामगार एकाच वस्तीत राहिले, आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर राखणीचे काम सोपविले गेले. विश्वास टाकला म्हणजे माणूस जबाबदार होतो, हे त्यामागील सूत्र.

परंतु मालकाच्या चांगुलपणावरच विसंबून चालणार नाही. मालक बदलतो, लिहिलेला नियम मागे राहतो. आपल्या रावेरचेच पाहा. केळीचा ट्रक भरताना घड दबला आणि तो दाखविणाऱ्या हमालाचीच मजुरी कापली, तर पुढचा दबलेला घड गुपचूप ट्रकच्या तळाशी जाईल. दिल्लीला तो काळा निघेल आणि नुकसान व्यापाऱ्याचेच होईल. म्हणून तक्रारीसाठी ठरलेला दिवस, मजुरीचा लेखी हिशेब आणि चूक सांगणाऱ्यास अभय, या तीन गोष्टी प्रत्येक धंद्यात कायम असाव्यात.

हाच नियम युनियनलाही लागू आहे. ज्या सभेत सभासद पुढाऱ्याला उलट प्रश्न विचारू शकत नाही, तिने मालकाला लोकशाही शिकवू नये.