‘द लॉटरी’ : छापील कथा, पडद्यावरील कथा आणि प्रेक्षकाची अस्वस्थता

शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा १९४८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने प्रसिद्ध केली, तेव्हा संभ्रमाची आणि संतापाची तीनशेहून अधिक पत्रे आली. १९६९ मध्ये लॅरी युस्ट यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या शैक्षणिक विभागासाठी तिच्यावर लघुपट केला. तो वर्गात दाखवण्यासाठीच होता, हे विशेष. चिठ्ठी निघालेल्या शेजारणीवर गावकरी रीतसर दगड उचलतात. वाचक येथे डोळे मिटून घेऊ शकतो. अंधाऱ्या वर्गातील विद्यार्थ्याला ती सवलत नसते.

मिनेसोटातील फॉरेस्ट लेक येथील काही पालकांनी हिंसाचार, तसेच धर्म व कुटुंबसंस्था यांवरील परिणाम ही कारणे पुढे केली. शाळा मंडळाने लघुपट काढून टाकला. छापील कथा मात्र ग्रंथालयात राहू दिली! (कथा कोणी वाचणार नाही, असा भरवसा असावा.) प्रकरण न्यायालयात गेले. १९८२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. मंडळाचा खरा आक्षेप हिंसेपेक्षा लघुपटातील विचारांना होता, आणि ग्रंथालयातील कथेमुळे त्या बंदीचे परिमार्जन होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. माध्यमांतराने कथेची धार वाढते, हे येथे समीक्षकांआधी पालकांनीच ओळखले होते.