गर्द सोडवण्यासाठी रोज गोळी : हा उपचार की दुसरे व्यसन?

अमृतसर, मोगा आणि तरनतारन. पंजाबमधील या तीन जिल्ह्यांत ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने वेगळी ओपीडी सुरू केली. हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेलेली व्यक्ती येते, जिभेखाली गोळी ठेवते आणि ती विरघळली की घरी किंवा कामावर जाते. भरती व्हावे लागत नाही. पुढे अशी केंद्रे राज्यभर उघडली. पण घरच्यांचा प्रश्न कायम आहे : ‘एक नशा सोडवायला दुसरी कशाला?’

गोळीत काय असते?

ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन. गर्द म्हणजेच ब्राउन शुगर मेंदूतील ज्या रिसेप्टरवर काम करते, तिथेच ब्युप्रेनॉर्फिन घट्ट बसते. पण त्यांना अर्धवटच चालना देते. त्यामुळे अंगदुखी, जुलाब, घाम हा त्रास थांबतो आणि तलफ कमी होते. ठरावीक मात्रेनंतर परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी असतो. गोळी विरघळवून कोणी टोचून घेतली, तर नॅलोक्सोनमुळे नशेऐवजी त्रास होऊ शकतो.

मग हे व्यसन नाही का?

शरीराला औषधाची सवय होते, हे खरे. अचानक बंद केले तर त्रासही होतो. पण व्यसन म्हणजे फक्त सवय नव्हे. तलफेपायी नोकरी, पैसा, घर पणाला लागते, ते व्यसन. योग्य मात्रेत गोळी घेणारा माणूस शुद्धीत असतो आणि कामावर जाऊ शकतो.

काही दिवस भरती करून सोडवले तर?

इथेच जिवाचा धोका आहे. नशा थांबली की शरीराची सहनशक्ती घटते, तलफ मात्र राहते. बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर ती जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच औषध अनेक महिने, कधी काही वर्षे चालते आणि डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

पुरावा काय?

फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन देण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या काही वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्राचा संबंध काय?

दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे ६० लाख लोकांना अशा व्यसनासाठी मदतीची गरज आहे. त्यातील निम्म्याहून अधिक लोक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्यांत महाराष्ट्रही आहे.

हे लक्षात ठेवा

• गोळी स्वतःहून सुरू करू नका. शरीरात हेरॉइन असताना घेतल्यास त्रास एकदम उसळतो.
• सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत. श्वास मंदावू शकतो.
• गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.
• ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरच्यांनी औषध परस्पर बंद करू नये.
• मदतीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६ (टोल फ्री).