पावसानंतरचे अंगण

इंदूरचा पाऊस सप्टेंबरअखेरीस ओसरला की आपल्या माळव्याच्या काळ्या मातीकडे लक्ष द्यावे लागते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. म्हणून वाफसा येताच आम्ही हलकी खुरपणी करतो, बी धरण्याआधी तण उपटतो आणि आळ्यांत वाळक्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन घालतो. उरलेली पाने शेणाबरोबर खड्ड्यात थराने घालून ओली ठेवली की उन्हाळ्यापर्यंत खत तयार होते. ती जाळू नयेत. धुराचा त्रास घरातल्या दमेकरी ज्येष्ठांना होतो.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. मोगऱ्याला मात्र आता कात्री लावू नये. त्याची वेळ थंडी संपताना. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिले की तिच्या लग्नापर्यंत ती छान डेरेदार होते.

एक काम मात्र चुकवू नये. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरच्या पन्हळी दर आठवड्याला कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठवडाभरात तयार होतो, आणि आपल्या अंगणातला डास शेजारच्या नातवंडालाही चावतो.