बाळ दगावलेल्या घरी जाताना

या पानावर एरवी बोंडअळी आणि ठिबकच्या गोष्टी होतात. आजचा विषय वेगळा आहे, पण वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो टाळता येत नाही.

म्हातारं माणूस गेलं तर घरी रीघ लागते, दहावा-तेरावा होतो. आठ दिवसांचं बाळ गेलं तर यातलं बरंचसं होत नाही. पुरुष मंडळी पुरून येतात, आई घरातच राहते आणि तिसऱ्या दिवशी सारं पहिल्यासारखं चालू. लोक वाईट नसतात. काय बोलावं सुचत नाही म्हणून जायचंच टाळतात. गेलेच तर म्हणतात, "वय लहान आहे, दुसरं होईल." हे कृपा करून बोलू नका. तिला तेच बाळ हवं असतं. "फार वाईट झालं" एवढं म्हणून दहा मिनिटं नुसतं बसलात तरी पुष्कळ. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या.

दुसरी गोष्ट दोष देण्याची. सुनेचा पायगुण, ग्रहणात भाजी चिरली, असलं काहीबाही निघतं. नवजात बाळं दगावतात ती मुख्यतः अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणं आणि जंतुसंसर्ग यांमुळे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तेव्हा असे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. पायगुणानं बाळं मरत असती तर शिकवून वाचली असती का?

आईची बाळंतीण म्हणून काळजी मात्र कोणी घेत नाही. बाळ नाही, मग कसली बाळंतीण, असं धरून पंधरवड्यात खुरपणीला पाठवतात. अहो, अंग तेवढंच ओलं असतं. दोन-तीन दिवसांत दूधही येतं, छाती दगडासारखी होते. गार ओल्या फडक्यानं शेकावं, फार पिळून काढू नये. ताप, लाली किंवा जास्त अंगावरून जाणं दिसलं तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. आशाताईंनी बाळ नाही म्हणून त्या घरची पायरी टाळू नये.

बापाचं दुःख कोणी विचारतच नाही. तो औत जुंपतो, म्हणून बरा आहे असं समजतात. आपल्याकडे सावड आहे ना? मग आठवडाभर त्याची पाण्याची पाळी कोणीतरी सांभाळा, धारा काढा, डबा पोचवा.

आता ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी. बाळ जिवंत जन्मून गेलं असेल तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी २१ दिवसांत व्हायला हव्यात. मृत जन्मलं असेल तर तशी नोंद वेगळी होते. नावाची अट नाही. यासाठी त्या बापाला चार हेलपाटे घालायला लावू नका, कागद घेऊन तुम्हीच जा. बालमृत्यूची चौकशी करायला आरोग्य कर्मचारी येतात, तेव्हा प्रश्न दारात उभं राहून चारचौघांत विचारू नयेत.

महिना-दीड महिन्यानंतरही आई जेवत नसेल, झोपत नसेल, "मला जगायचं नाही" म्हणत असेल, तर वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.