परदेशातली ऑनलाइन विक्री आणि करनोंदणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲमेझॉन, एट्सी, ईबे अशा ऑनलाइन बाजारपेठांतून परदेशात माल विकणाऱ्याचा संबंध किमान दोन देशांच्या करकायद्यांशी येतो: माल जिथून निघतो तिथल्या आणि माल जिथे पोहोचतो तिथल्या. बहुतेक चुका एकाच घोटाळ्यातून होतात. ग्राहकाकडून कर कोणी वसूल करायचा आणि नोंदणी कोणी करायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘बाजारपेठेने’ असे असले, तरी दुसऱ्याचे उत्तर ‘विक्रेत्याने’ असू शकते. सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणून ते परदेशी ग्राहकांना विकणारा छोटा उद्योग डोळ्यांसमोर ठेवला, तर हे गैरसमज एकेक करून तपासता येतात.

गैरसमज १: वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती: १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेली ४० लाख रुपयांची मर्यादा केवळ राज्यांतर्गत माल विकणाऱ्यांसाठी आहे. परदेशात पाठवलेला माल एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम ७ नुसार आंतरराज्य पुरवठ्यात मोडतो. करपात्र मालाचा आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार उलाढाल कितीही असली तरी नोंदणी करावी लागते. म्हणजे टॉवेलचे पहिलेच पार्सल परदेशी निघाले, की मर्यादेचा आधार संपतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठेवर विक्री करण्याची मुभा मिळाली, पण तीही राज्याच्या हद्दीतल्या विक्रीपुरतीच. ठरावीक हस्तकला वस्तूंसाठी वेगळी, अटींसह सवलत आहे. यंत्रमागावरचा टॉवेल तिच्यात बसत नाही.

गैरसमज २: निर्यातीवर कर नाही, त्यामुळे जीएसटीशी संबंध उरत नाही.

वस्तुस्थिती: निर्यात करमुक्त नसते, ती शून्य दराची असते. फरक शब्दांचा वाटला तरी पैशांचा आहे. करमुक्त मालासाठी सूत, रंग, खोके यांवर भरलेला कर परत मिळत नाही. शून्य दराच्या मालासाठी तो परत मागता येतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. एकीत निर्यातीवर एकात्मिक जीएसटी (आयजीएसटी) भरून नंतर परतावा घेतला जातो. दुसरीत आधीच हमीपत्र देऊन कर न भरता माल पाठवला जातो आणि साचलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचा, परतावा मागितला जातो. या हमीपत्राला व्यवहारात सगळे ‘एलयूटी’ म्हणतात. लहान उद्योगाला सहसा दुसरी वाट सोयीची पडते, कारण खेळते भांडवल अडकत नाही.

एलयूटी एका आर्थिक वर्षापुरतेच असते. ३१ मार्चला त्याची मुदत संपते आणि नव्या वर्षासाठी पोर्टलवर नव्याने अर्ज करावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली पार्सले एलयूटीविना निघून जाणे ही नेहमीची चूक आहे. परताव्याच्या अर्जालाही दोन वर्षांची मुदत आहे. ती टळली की हक्काचे पैसे हातचे जातात.

गैरसमज ३: आयात-निर्यात कोड एकदा काढला की पुन्हा पाहावे लागत नाही.

वस्तुस्थिती: हा दहा अंकी कोड, म्हणजे आयईसी, परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो. तो पॅनशी जोडलेला असतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. कोड कायमचा असला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यावरची माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते, काहीही बदलले नसले तरी. हे राहून गेले तर कोड निष्क्रिय होतो. विक्रेत्याला त्याचा पत्ता बहुधा कस्टम्समध्ये पार्सल अडकल्यावरच लागतो.

गैरसमज ४: छोटे पार्सल ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ म्हणून पाठवले की काम सोपे होते.

वस्तुस्थिती: कुरिअरने जाणाऱ्या भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी सीएसबी-४ हे कुरिअर शिपिंग बिल असते, तर व्यापारी निर्यातीसाठी सीएसबी-५. विकलेला माल सीएसबी-४ खाली पाठवला तर ती निर्यात व्यापारी म्हणून नोंदली जात नाही. मग परताव्याच्या दाव्याला पुरावा राहत नाही आणि बँकेत आलेल्या परकीय चलनाचा मेळही बसत नाही. शिवाय ही चुकीची घोषणा ठरते. टपालाने माल पाठवणाऱ्यांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. तिथे निर्यातीचे टपाल बिल ऑनलाइन भरता येते.

गैरसमज ५: बँकेत जमा झाली तेवढीच विक्री.

वस्तुस्थिती: समजा, एका महिन्यात १,००,००० रुपयांचे टॉवेल विकले गेले. बाजारपेठेने १०,००० रुपये कमिशन आणि ५,००० रुपये जाहिरात शुल्क कापून ८५,००० रुपये खात्यात पाठवले. विवरणपत्रात उलाढाल १,००,००० रुपयेच दाखवावी लागते. ८५,००० दाखवले तर शिपिंग बिल आणि विवरणपत्र यांचे आकडे जुळत नाहीत आणि परतावा अडतो.

याच हिशेबात दुसरा खड्डा आहे. जाहिरातीचे बिल परदेशी कंपनीने दिले असेल, तर ती सेवेची आयात ठरते आणि तिच्यावरचा जीएसटी सेवा घेणाऱ्याने भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. १८ टक्के दराने ५,००० रुपयांवर ९०० रुपये होतात. ही रक्कम रोखीच्या खातेवहीतूनच भरावी लागते, जमा असलेल्या क्रेडिटमधून नाही. भरल्यावर तिचे क्रेडिट मिळते आणि एलयूटीच्या वाटेने परतावाही मागता येतो. म्हणजे शेवटी पैसे परत येतात. पण भरलेच नाहीत तर व्याज मात्र खिशातून जाते. कमिशनला मध्यस्थ सेवेचे स्वतंत्र नियम लागू होऊ शकतात, म्हणून बिलातल्या ओळी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. बिल बाजारपेठेच्या भारतीय कंपनीचे असेल आणि त्यात जीएसटी लावलेला असेल, तर रिव्हर्स चार्ज लागू होत नाही.

गैरसमज ६: परदेशातला कर बाजारपेठ भरते, त्यामुळे तिथे नोंदणीची गरज नाही.

वस्तुस्थिती: विक्रीच्या क्षणी माल कुठे आहे, यावर उत्तर ठरते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतला जातो आणि विक्री ऑनलाइन बाजारपेठेतून झाली असेल तर तो बाजारपेठ भरते. टॉवेल सोलापुरातून थेट ग्राहकाकडे जात असेल, तर अशा विक्रीसाठी विक्रेत्याला तिथे नोंदणी लागत नाही.

तोच टॉवेल आधी ब्रिटनमधल्या गोदामात ठेवून तिथून विकला, तर चित्र पालटते. ग्राहकाकडून व्हॅट तेव्हाही बाजारपेठच घेते, पण नोंदणीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. ब्रिटनची ९०,००० पौंडांची नोंदणी मर्यादा तिथे व्यवसायाचे ठिकाण नसलेल्या विक्रेत्याला लागू नाही. त्याच्यासाठी मर्यादा शून्यच धरावी लागते. जलद पोहोचवण्यासाठी ‘गोदाम सेवा’ निवडण्याचा निर्णय म्हणूनच करनोंदणीचाही निर्णय असतो.

गैरसमज ७: युरोपीय संघात एक नोंदणी केली की सगळे देश झाले.

वस्तुस्थिती: १ जुलै २०२१ पासून संघात २२ युरोंपर्यंतच्या पार्सलची व्हॅटमाफी संपली आणि १५० युरोंपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस ही व्यवस्था आली. बाजारपेठ स्वतःच्या आयओएसएस क्रमांकावर व्हॅट भरते. तो क्रमांक कुरिअरच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत नोंदवणे मात्र पाठवणाऱ्याच्या हाती असते. तो राहिला तर ग्राहकाकडून दारात पुन्हा व्हॅट मागितला जातो आणि पार्सल नाकारले जाते.

ही व्यवस्था संघाबाहेरून थेट येणाऱ्या मालापुरती आहे. माल जर्मनीतल्या गोदामात ठेवला तर जर्मनीत नोंदणी लागते आणि बाजारपेठेने त्यातला काही साठा पोलंडला हलवला तर पोलंडमध्येही. साठा आपोआप वाटण्याचा पर्याय खात्यात चालू आहे का, हे आधी पाहावे लागते.

गैरसमज ८: अमेरिकेत कार्यालय नसलेल्याला तिथला सेल्स टॅक्स लागत नाही.

वस्तुस्थिती: २१ जून २०१८ रोजी ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व असण्याची अट काढून टाकली. त्यानंतर राज्यांनी विक्रीच्या रकमेवर मर्यादा ठरवल्या. अनेक राज्यांत ती वर्षाला १,००,००० डॉलर आहे. सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांत बाजारपेठेवरील विक्रीचा कर आता बाजारपेठच भरते. स्वतःच्या संकेतस्थळावरून केलेल्या विक्रीचा कर मात्र विक्रेत्याने पाहायचा. गोदामात ठेवलेला साठा हे प्रत्यक्ष अस्तित्वच मानले जाते.

सेल्स टॅक्स आणि सीमाशुल्क यांचीही गल्लत होते. ८०० डॉलरांपर्यंतच्या पार्सलला मिळणारी सीमाशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. बाजारपेठेने सेल्स टॅक्स घेतला म्हणून हे शुल्क चुकत नाही.

गैरसमज ९: विक्री थांबवली की नोंदणी आपोआप संपते.

वस्तुस्थिती: जीएसटी नोंदणी चालू असेपर्यंत विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते, ते चुकले तर दिवसागणिक विलंब शुल्क चढते. धंदा बंद करताना नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र, जीएसटीआर-१०, द्यावे लागते. परदेशात घेतलेला व्हॅट क्रमांकही तिथल्या कार्यालयाकडे अर्ज करूनच बंद होतो. बाजारपेठेवरचे खाते बंद केल्याने यांपैकी कोणतीच नोंदणी संपत नाही.