विहिरीचा जमाखर्च

पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळ गाठते. मग विहीर आणखी खोल नेली जाते, नाही तर बोअर घेतले जाते. पण खडकात पाणी मुळात राहते कोठे?

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. वाळूप्रमाणे त्याच्या कणाकणांमध्ये मोकळी जागा नसते. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. समजा, उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्के आहे. मग २० मिलिमीटर पाणी मुरताच पातळी १ मीटर चढेल आणि तेवढेच उपसले की १ मीटर उतरेल. साठवण लहान, म्हणून ती लवकर भरते आणि लवकर रितीही होते. खोल जावे तशा भेगा सहसा कमी होतात. शिवाय बोअरने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा शेजारच्या विहिरीचेच पाणी ओढले जाते.

समतल चर आणि नालाबांध यांमुळे वाहते पाणी थबकते, त्याला मुरायला अवधी मिळतो. ही झाली जमेची बाजू. खर्चाचे गणित फळ्यावर मांडून पाहा. समजा, ५०० मिमी पावसापैकी ५० मिमी भूजलात गेला. १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर. तेव्हा हेक्टरी जमा ५०० घनमीटर. उसाला विहिरीतून वर्षभरात १५०० मिमी पाणी दिले, तर हेक्टरी खर्च १५,००० घनमीटर. म्हणजे १ हेक्टर ऊस ३० हेक्टरांवर मुरलेले पाणी पितो! बांध घालून मुरणारे पाणी दुप्पट केले, तरी १५ हेक्टरांचे पाणी लागतेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते ती या तुटीमुळे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने दोन्ही बाजू सांभाळल्या. १९९० नंतर तेथे पाणलोटाची कामे झाली; त्याचबरोबर सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि ऊस लावण्यावर गावाने बंदी घातली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, अशी रीत गावाने पाडली.

आपल्या शाळेलाही सुरुवात करता येईल. दर महिन्याच्या एकाच तारखेला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गावातील दोन-तीन विहिरींच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे व आलेख काढावा. शाळेच्या पर्जन्यमापकातील नोंदी त्याशेजारी लावाव्यात. रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवला, तर चर्चा अंदाजावर न होता आकड्यांवर होईल.